शैले, त्या शब्दाचं माणूस मी होते

शैले,

तुझा तेरावा झाला. मांडव उतरला, खुर्च्या टेम्पोत गेल्या, लांबचे पाहुणे मिळेल त्या गाडीनं पांगले. तुझ्याबद्दल चांगलंच बोलायचं ही सक्ती आता संपली असं मी धरून चालते आणि पहिल्यांदा सांगून टाकते, की मी तुझ्यावर चिडले आहे. कॉलेजच्या हेडक्लार्कवर तू चिडायचीस, तोंडातून अवाक्षर न काढता कपाटांची दारं आपटत, तशी मी गेले काही दिवस घरात वावरते आहे. आमच्या ह्यांनी काल विचारलं, "भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" भांड्यांचा राग नाही हे त्यांनाही कळत होतं.

बारामतीत चौकात तुझा फ्लेक्स लागला आहे. भावपूर्ण श्रद्धांजली, आणि खाली तो आयकार्डाचा फोटो, ज्यात तू नुकताच कुणीतरी चिमटा काढल्यासारखी दिसतेस. मी असते तर दुसरा निवडला असता. पण मला कोण विचारतंय? मी घरची नव्हते. मी नुसती कॉलेजची ग्रंथपाल, इंदापूरहून रोज एसटीनं अप-डाऊन करणारी, आणि तू आमची इंग्रजीची मॅडम. पळसदेवची मुलगी, बारामतीची सून, आणि इंग्रजी मात्र असं बोलायचीस की तपासणीला आलेली समितीच गडबडून जायची.

आपलं जुळलं ते रद्दीमुळे. ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं काढून टाकायची होती आणि त्यात तो जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. पुढचा पुठ्ठा नाही, मागचा नाही, शेवटचं अक्षर तर पूर्णच गायब. तू म्हणालीस, "नले, ह्याला रद्दीत घातलंस तर तुझं तोंड बघायची न्हाय." मी तो माझ्या टेबलाखाली ठेवला आणि दुपारच्या डब्याबरोबर आपण तो उघडायला लागलो. असले शब्द निघायचे त्यातून, की इंग्रजांनीही ते कधीच सोडून दिलेले. कुणाच्या परीक्षेत येणार नाहीत, कुठल्या मुलाखतीत कुणी विचारणार नाही. तेच तुला आवडायचं. बारामतीत गल्लीगल्लीत अभ्यासिका, जो तो कामाचे शब्द पाठ करतोय, आणि आपण दोघी बायका बिनकामाचे शब्द वेचत बसलेल्या.

खेळाचा नियम तू काढलास. कोशातला अर्थ एकदा वाचायचा आणि मग शब्दाला माणूस द्यायचं. म्हणजे आपल्या भागात आपल्या डोळ्यांसमोर घडलेली अशी गोष्ट सांगायची, की तोच त्या शब्दाचा अर्थ. ऐकीव चालणार नाही. अमक्यानं सांगितलं, तमक्याकडून कळलं, हे बाद. "स्वतः बघितलंस का? मग बोल," असं तू दटावायचीस. माणूस सापडलं नाही तर शब्द परत कोशात.

फजल नावाचा शब्द निघाला. काम करत असल्याचा आव आणायचा आणि काडीचं काम करायचं नाही. त्याला तर माणूस द्यायला आपल्याला उठावंही लागलं नाही, हेडक्लार्क समोरच फाइल उघडून बसला होता. अल्ट्राक्रेपिडेरियन म्हणजे ज्यातलं कळत नाही त्यात सल्ले देणारा. तो मी दिला, इंदापूरच्या स्टँडवरचा, जो ड्रायव्हरला क्लच आणि बाळंतिणीला अळीव शिकवायचा. अ‍ॅप्रिसिटी, म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब, ह्याला तू तुझ्या सासऱ्यांना बसवलंस, शाल पांघरून ओट्यावर. ते गेले तेव्हा तू मला फोन करून एवढंच म्हणालीस, "अ‍ॅप्रिसिटी गेली." आणि मी इकडे रडले. तुझ्या सासऱ्यांना मी धड दोनदा भेटले होते.

भांडणं राहिली ती वेगळीच. थोल म्हणजे मुकाट्यानं सहन करणं. तू म्हणायचीस सोसणं, मी म्हणायचे सोसण्यात कण्हणं असतं, हा त्याहून गप्प शब्द आहे. ते मिटलं नाही. येक्स म्हणजे उचकी, त्यावरूनही आपण भांडलो. तुझं म्हणणं, आपल्या उचकीत कुणीतरी आठवण काढलेली असते, इंग्रजाच्या उचकीत नुसता वारा असतो, म्हणून हा अर्थ लावताच येणार नाही. मी म्हणाले उचकी ती उचकी. हल्ली मला उचकी लागली की मी पाणी पिते. तुझं नाव घेऊन बघत नाही.

आता त्या शब्दाकडे येते.

लॅटिब्युलेट. कोपऱ्यात जाऊन दडून बसणं. तू वाचलास, पेरू चावत होतीस, आणि म्हणालीस, "हा सोपा हाय. वसुलीवाला आला की अर्धं गाव." मी म्हणाले, थांब. आणि मी ते सांगितलं जे मी एक माणूस सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांना ठाऊक होतं, कारण लग्नाआधी सांगणं भागच होतं. इंदापुरात दुसऱ्या कुणाला नाही. माझ्या मुलीला आजही नाही.

माझं आधी एक लग्न झालं होतं. काही महिन्यांत सासरच्यांनी मला मोरगावला माहेरी आणून सोडलं, पसंत नाही म्हणून. सोडलं म्हणजे गाडीतून उतरवलं आणि गाडी वळवली. मी घरात होते, शेळ्या राखत होते, बाजरी कांडत होते. त्याच वर्षी दादाची सुपारी ठरली. पाहुणे यायच्या सकाळी आईनं मला परसात बोलावलं. "नले, पाव्हणं जाईस्तवर शेळ्यांच्या गोठ्यात बस. परत आलेली ल्येक दिसली तर सोयरीक मोडंल." मी म्हणाले, दादा काय म्हणेल? आई म्हणाली, "त्याला ठावं न्हाय. तू मामाकडं गेलीयास म्हनून सांगितलंय. त्याला कळू दिऊ नगं, त्याचं मन मोडंल."

मी बसले. पोह्याचा वास आला, बायकांचं हसणं आलं, सुपारी फुटली तेव्हा सगळे एकदम बोलले ते आलं. एक शेळी माझा पदर चघळत होती आणि मी तो ओढून घेत नव्हते, कारण ती ओरडली असती. दिवस कलल्यावर आईनं कडी काढली. त्या गोठ्यात मी कशाच्या आधारावर बसले माहीत आहे? दादाला माहीत नाही, ह्या आधारावर. माहीत असतं तर त्यानं मला हाताला धरून घरात नेलंच असतं, सोयरीक गेली खड्ड्यात म्हणाला असता. हे मला इतकं पक्कं वाटायचं, की त्यावर मी पुढचं शिक्षण केलं, नोकरी केली, दुसरं लग्न केलं. आणि दर राखीला मोरगावला जाऊन त्याला ओवाळलं.

तू पेरू खाली ठेवलास. तू रडली नाहीस, "अरेरे" केलं नाहीस, म्हणून मला तू फार बरी वाटलीस. म्हणालीस, "हा शब्द तुझा. ह्याला दुसरं माणूस कवाच द्यायचं न्हाय." आणि पान उलटलंस. मला वाटलं, ते ओझं मी योग्य जागी ठेवलं.

तुझ्या दहाव्याला कऱ्हेच्या काठी एवढी गर्दी होती की चपला ठेवायला जागा नव्हती. महाराजांचं प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. ती आपल्याकडे कशी असतात तुला माहीत आहे. प्रत्येकाला माइक सोडवत नाही. सोसायटीचे चेअरमन झाले, प्राचार्य झाले, आणि मग निकिता उठली. तुझी जुनी विद्यार्थिनी, आता इंदापूरच्या तहसील कचेरीत आहे. साधी मुलगी, माइक दोन्ही हातांनी धरलेला.

ती म्हणाली, "मॅडमनी आमाला एक शब्द शिकवला व्हता, लॅटिब्युलेट." "मॅडम म्हनल्या, ह्याचा अर्थ पुस्तकात बघू नका, माझ्याकडं बघा. माझं पहिलं लग्न मोडलं व्हतं. भावाच्या सुपारीला आईनं मला शेळ्यांच्या गोठ्यात बसवलं. शेळी पदर खात व्हती तरी मी हलले न्हाय. आनि आज मी तुमच्यासमोर उभी ऱ्हाऊन इंग्रजी शिकवतीय." मग निकिता म्हणाली की तिलाही सासरच्यांनी परत धाडलं होतं, ती घरात कोंडून बसली होती, आणि ही गोष्ट आठवून ती कॉलेजात परत आली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पुढच्या रांगेत तुझे दोन्ही भाऊ ताठ झाले. तुझे यजमान, दत्ताभाऊजी, हातातल्या फुलांकडे बघत होते आणि बघतच राहिले.

मला लाज नाही वाटली. ती केव्हाच संपली होती. मला राग आला, एवढा की मला तिथून उठताही आलं नाही. माझा गोठा, माझी शेळी, माझा पदर, आणि सगळा मांडव तुझ्यासाठी रडत होता.

निकिताला मी नंतर नळाजवळ गाठलं. ती म्हणाली, "दर वरसाच्या नव्या वर्गाला सांगायच्या की, ताई. तुमाला ठावं आसंल ना? तुमी तर त्यांच्या जवळच्या." मी म्हणाले, हो, ठाऊक होतं. दुसरं काय म्हणणार होते? आणि वर तिनं मला वाकून नमस्कार केला, मॅडमच्या मैत्रीण म्हणून.

तुझी बाजू मी तुझ्याहून चांगली मांडू शकते, इतकी मी तुला ओळखते. नाव सांगायचं नाही म्हणून तू स्वतःला पुढे केलंस. ऐकीव चालत नाही हा तुझाच नियम, म्हणून "एका बाईची गोष्ट" असं सांगणं तुला जमेना. मला माहीत आहे हे. समोर एखादी मान खाली घातलेली पोर दिसली असेल आणि तुला राहवलं नसेल. निकिता उभी राहिली ह्याचा मला आनंदही आहे, खोटं कशाला बोलू. पण शैले, माझ्याशी रोज एका डब्यात जेवत होतीस. एकदा तोंड उघडून म्हणायचंस, नले, तुझी गोष्ट वर्गात सांगू का? मी नाही म्हणाले असते, हे तुला ठाऊक होतं म्हणूनच तू विचारलं नाहीस. आणि जी गोष्ट मी जीव मुठीत धरून एकदा सांगितली, ती तू दर जूनला, हजेरी झाल्यावर सांगायचीस.

तरीही मी गिळलं असतं. थोल म्हणजे काय ते मला तुझ्याहून जास्त कळतं. पण तेराव्याला जेवणं उरकल्यावर भाऊजी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, येकदा बागंत या. तुमच्याशी बोलायचं हाय."

काल दुपारी गेले. ते पेरूच्या झाडाखाली बसून तोडलेल्या फळांना पॅकिंगच्या जाळ्या चढवत होते. एरवी गडी माणसं करतात ते काम. मला बसायला क्रेट उलटा करून दिला. इकडचं तिकडचं काही बोलले नाहीत.

"तुमी तिच्या जवळच्या. खरं सांगा. शैलीचं आदी लगीन झालं व्हतं का?"

मी म्हणाले, नाही. ते म्हणाले, "तिच्या भावांना इचारलं. दोघंबी येकदम न्हाय म्हनले. आसं येकदम म्हनले ना, तवाच मी वळखलं." मग जाळी हातातच ठेवून म्हणाले, "ताई, मी काय टाकली आसती व्हय तिला? मला सांगायचं की. हितं शेजारी झोपत व्हती. कॉलेजातल्या पोरींना सांगितलं आनि मला न्हाय."

त्यांचा चेहरा मला बघवेना. चिडलेला माणूस परवडतो, हा चिडलेला नव्हता. आपण त्या लायकीचेच नव्हतो असं वाटून घेऊन बसला होता. आणि त्याला ह्यातून सोडवणारं एकच माणूस जगात होतं, ते उलट्या क्रेटवर बसलं होतं. हे तू माझ्यावर टाकून गेलीस. तुझं नाव वाचवायचं तर माझं उघडं करायचं.

मी केलं. सगळं सांगितलं, मोरगाव, गाडी, गोठा. ती गोष्ट माझी आहे भाऊजी, तिनं माझी उचलली. आयुष्यात तिसऱ्यांदा ते तोंडातून काढलं आणि त्यांनी काय करावं? ते माझ्याकडे बघून मायेनं हसले.

"ताई, तुमी तिच्यासाठी सोताला बट्टा लावून घ्यायला आलाव. बास झालं. मी तिला माफ केलंय."

माझ्यावर विश्वासच बसला नाही त्यांचा. माझं आयुष्य तुझ्या नावावर झालं आणि वर त्याबद्दल तुला माफीही मिळाली. तुझा नवरा भला माणूस आहे, आणि त्या क्षणी मला त्याच्या भलेपणाचा संताप आला. मी पर्समधून फोन काढला, मोरगावला दादाला लावला आणि आवाज मोठा करून दोघांच्या मधे धरला. मला एवढंच हवं होतं, की आमच्या घरात सुपारीच्या दिवशी मी दिसले नव्हते, हे त्यानं म्हणावं. मामाकडं गेली व्हती, असं म्हणाला असता तरी पुढचं मी पटवलं असतं.

"दादा, तुझ्या सुपारीला मी कुठं होते?"

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. "आज कशी आठवन काढलीस?"

"सांग ना."

भाऊजींनी हातातला पेरू क्रेटमध्ये ठेवला. मग दादा म्हणाला, "गोठ्यात."

भाऊजींनी मान वळवली. त्यांचं काम झालं होतं, मी फोन बंद करायला हवा होता. पण दादा बोलायचा थांबला नाही.

"आई मलाच इचारायला आली व्हती, नले. काय करायचं म्हनून. मीच म्हनलं, बसू दे गोठ्यात, पाव्हणं जाईस्तवरचा तर प्रश्न हाय. तू कवा इचारशील म्हनून वाट बघत आलोय. दर राखीला वाटायचं, आज इचारती."

मी फोन ठेवला. भाऊजी म्हणाले, "ताई, चुकलो मी," आणि मग त्यांना रडू फुटलं, तू गेल्यापासून पहिल्यांदाच असं तुझी जाऊ नंतर फोनवर म्हणाली. तुझ्याबद्दलचा सल गेला होता ना, आता रडायला मोकळे झाले. त्यांनी मला बारामती स्टँडवर सोडलं आणि एसटी निघेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. तुझा माणूस तुला परत मिळाला, शैले. जसा होता तसा, डाग न लागलेला.

दादाचा रात्रीपासून दोनदा फोन येऊन गेला. मी उचलला नाही. राखी पौर्णिमा तोंडावर आली आहे आणि मोरगावला जायचं की नाही, हे मला ठरवता येत नाही. असलं काही मी तुला विचारल्याशिवाय कधी ठरवलं नाही. आणि आता तू असतीस, तरी तुला सांगितलं नसतं.